एका जपानी प्रांताची कीर्द-खतावणी

माझी पुतणी सायली स्थापत्य अभियंता आहे. बडोद्यापाशी बुलेट ट्रेनच्या रुळांचं काम चाललंय, त्यावर ती दोन वर्षं होती. दिवाळीत फराळाला आली तेव्हा म्हणाली, “काका, मला दोन वर्षांसाठी कागोशिमाला जायचंय. जायच्या आधी तिथला इतिहास सांगाल का? अगदी पहिल्यापासून.”

कागोशिमा नकाशावर कुठे आहे हेसुद्धा मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं. तरी हो म्हणालो. माझी 31 वर्षं बडोद्याच्या जुन्या दप्तरात गेली. अनोळखी गावाचा रुमाल सोडायचा, मोडी कागद एकेक उलगडायचे आणि कुणाचं शेत, कुणाचा सारा, कुठवर हद्द हे लावत जायचं, हेच काम. जपानी मला येत नाही. पण चार महिन्यांत दोन वह्या भरल्या आणि सायली निघाली तेव्हा तिच्या सामानात त्यांच्या झेरॉक्स होत्या. आता ओळखीतल्या आणखी तिघांची मुलं जपानला निघाली आहेत, कुणी नागोयाला, कुणी फुकुओकाला. ते विचारतात, तुम्ही ते कसं केलंत? म्हणून ही रीत लिहून ठेवतो. प्रांत कुठलाही घ्या, रीत चालेल. उदाहरणं मात्र सगळी कागोशिमाची देतो, कारण तो एकच प्रांत मी मुळापासून लावून पाहिला आहे.

आधी शब्द ठरवा

जपानचे आज 47 भाग आहेत: तोक्यो हा एक ‘तो’, होक्काइदो हा एक ‘दो’, ओसाका आणि क्योतो हे दोन ‘फू’ आणि उरलेले 43 ‘केन’. मराठीत कुणी याला जिल्हा म्हणतं, कुणी प्रीफेक्चर. मी ‘प्रांत’ म्हणतो. आपल्या बडोदा संस्थानातही प्रांतच होते, बडोदा, कडी, नवसारी, अमरेली, आणि प्रत्येकावर सुभा असे. जिल्हा म्हटलं की डोळ्यांसमोर कलेक्टर येतो आणि तिथे गोष्ट चुकते. केनचा गव्हर्नर 1947 पासून लोक मतदानानं निवडतात आणि त्याची स्वतःची विधानसभा असते. त्याआधी मात्र तो तोक्योहून नेमलेला अधिकारी असे, म्हणजे आपल्या सुभ्यासारखाच.

दुसरी गोष्ट, आजचा नकाशा मागे नेऊ नका. ‘कागोशिमा केन’ हे नाव 1871 चं आहे. त्याआधी हजार-बाराशे वर्षं तिथे सात्सुमा आणि ओसुमी असे दोन जुने ‘देश’ (जपानचेच तेव्हाचे भाग) होते, आणि दक्षिणेला बेटांची रांग. इंटरनेटवर नुसतं ‘कागोशिमाचा इतिहास’ शोधलंत तर निम्मं हाती लागत नाही. ‘सात्सुमा’ शोधलंत की कागद ओतल्यासारखे येतात. म्हणून पहिल्या पानावर प्रांताची सगळी जुनी नावं लिहा.

दोन वह्या

दुकानदार करतो तसंच करायचं. एक कीर्द आणि एक खतावणी. कीर्दीत जे जसं सापडेल ते सापडलं त्या दिवशी लिहायचं, क्रम लावायचा नाही, निवड करायची नाही. खतावणीत चारच खाती: जमीन, महसूल, हद्द, माणसं. कीर्दीतली नोंद दुसऱ्या ठिकाणी पडताळली गेली की मगच खतावणीत चढवायची.

खात्यांचा हा क्रम मी मुद्दाम ठेवला आहे. इतिहास म्हटलं की लोक राजांपासून आणि लढायांपासून सुरू करतात, मग दहाव्या नावाला दम लागतो. परक्या देशात तर सगळी नावं सारखीच वाटतात. जमिनीपासून सुरुवात केली की माणसं का लढली ते आपोआप कळतं आणि नावं डोक्यात राहतात. दप्तरात मी हे हजारदा पाहिलं आहे. तंट्याचा कागद समजत नसेल तर त्या गावाचा जमीनझाडा काढावा, तंटा समजतो.

तारखांसाठी वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर एक तक्ता चिकटवा. जपानी कागदांत सम्राटाच्या कारकिर्दीचं वर्ष असतं. मेइजी वर्षात 1867 मिळवा, ताइशोमध्ये 1911, शोवामध्ये 1925, हेइसेइमध्ये 1988, रेइवामध्ये 2018. मोडी वाचणाऱ्याला यात नवल नाही. आपण शकात 78 आणि शुहूर सनात 599 किंवा 600 मिळवतोच. मेइजी 10 म्हणजे 1877, आपल्याकडे शके 1799.

एक खड्डा मात्र खोल आहे. 1 जानेवारी 1873 पर्यंत जपानात चांद्रमासाची पंचांगपद्धत होती. त्यामुळे त्याआधीच्या एकाच घटनेच्या दोन तारखा सापडतात. संस्थानं खालसा झाल्याचा हुकूम एका ठिकाणी ‘सातव्या महिन्याची 14 तारीख’ असा दिसतो आणि दुसरीकडे 29 ऑगस्ट 1871. दोन्ही बरोबर आहेत. मी पहिल्या महिन्यात एक तारीख चूक समजून खोडली होती, ती परत लिहावी लागली. त्यानंतर मी कीर्दीत कधीच काही खोडलं नाही, बाजूला दुसरी तारीख लिहितो.

जमिनीचं खातं

इथे घाई करू नका. माझं सगळ्यात जास्त मन इथेच रमलं.

कागोशिमा म्हणजे क्युशू बेटाचं दक्षिण टोक, आणि त्याखाली योरोनपर्यंत गेलेली बेटं. उत्तर-दक्षिण अंतर सुमारे 600 किलोमीटर. मधोमध खाडी आणि खाडीत धुमसणारा साकुराजिमा. या खाडीचा उत्तरेकडचा भाग मुळात एका प्रचंड जुन्या ज्वालामुखीचा खड्डा आहे. सुमारे 30 हजार वर्षांपूर्वी तो फुटला आणि त्याची राख-पमीस (हलका सच्छिद्र दगड) सगळ्या मुलखावर साचली. त्या पांढुरक्या मातीला तिथे ‘शिरासु’ म्हणतात. पाणी तिच्यात ठरत नाही, चाळणीतून जावं तसं खाली जातं. आता तुम्हीच सांगा, जिथे पाणी ठरत नाही तिथे भात कसा होणार?

एवढं एक वाक्य खात्यात पहिलं लिहा. पुढची तेराशे वर्षं त्यातून निघतात.

राखेचा दुसरा उपयोग इतिहास लिहिणाऱ्याला होतो. किरिशिमा शहरात उएनोहारा नावाची जागा आहे. तिथे सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची वस्ती सापडली, 52 घरांचे खड्डे. घरांचा काळ कसा ठरवला? काही खड्ड्यांत साकुराजिमाच्या एका ठरावीक स्फोटाची राख पडलेली होती. म्हणजे राखेचा थर हा कागदावरच्या शिक्क्यासारखा. मग सुमारे 7,300 वर्षांपूर्वी दक्षिणेच्या समुद्रातला किकाइ ज्वालामुखी फुटला आणि नारिंगी राखेचा थर पश्चिम जपानभर पसरला. त्या थराखाली एक भरभराटीची संस्कृती आहे, वेगळ्याच घाटाची मातीची भांडी आहेत. थराच्या वर ती भांडी नाहीत. इतकी स्वच्छ रेघ मी कुठल्याही दप्तरात पाहिली नाही.

आता रताळ्याची गोष्ट, कारण नावांवरून इतिहास कसा काढायचा ते यात आहे.

खंडेराव मार्केटमध्ये मी एका नव्या भाजीवाल्याकडे रताळी मागितली. त्यानं जांभळं कोनफळ तराजूत टाकलं. चूक त्याची नव्हती. गुजरातीत ‘रताळू’ म्हणजे कोनफळ, आणि आपण ज्याला रताळं म्हणतो त्याला ते ‘शक्करिया’ म्हणतात. बडोद्यातल्या मराठी घरात हे आम्ही लहानपणीच शिकतो, पण त्या दिवशी माझ्या डोक्यात कागोशिमा होतं आणि तोंडातून मराठी शब्द गेला. घरी येऊन मी कीर्दीत लिहिलं: ‘रताळ्याला तिथे काय म्हणतात?’ उत्तर शोधलं तर सगळा व्यापारमार्ग हाती आला. उरलेल्या जपानात रताळ्याला ‘सात्सुमा-इमो’ म्हणतात, म्हणजे सात्सुमाचा कंद. खुद्द सात्सुमात म्हणतात ‘कारा-इमो’, म्हणजे चीनचा कंद. ज्यानं ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव दिलं. 1605 च्या सुमारास चीनच्या फुजियानमधून तो ओकिनावाला, म्हणजे तेव्हाच्या र्‍युक्यू राज्यात आला. 1705 मध्ये यामागावा बंदराच्या माएदा रिएमोन नावाच्या खलाशानं तो र्‍युक्यूहून सात्सुमात आणून लावला. जिथे भात हटला तिथे रताळं तगलं. 1732 च्या मोठ्या दुष्काळात पश्चिम जपानात माणसं मेली, सात्सुमात रताळ्यानं लोक वाचले. यामागावात त्या खलाशाचं देऊळ आहे. आणि तिथली ‘इमो शोचू’ ही दारूही त्याच रताळ्याची.

तेव्हा तुमच्या प्रांताचं असं एक पीक किंवा वस्तू शोधा आणि तिची सगळी नावं जमवा. बोलीतलं नाव विसरू नका, कोशातल्यापेक्षा ते जास्त बोलतं.

महसुलाचं खातं

आता आपल्या घरचं काम. राज्य कुणाचं होतं हे इतिहास सांगतो, पण ते कुठवर खरं होतं हे वसुली सांगते.

नारा भागातल्या सम्राटाच्या दरबारानं 702 मध्ये सात्सुमा आणि 713 मध्ये ओसुमी हे देश कागदावर तयार केले. तिथे हायातो नावाचे लोक राहत. त्यांनी 720 मध्ये ओसुमीच्या सुभेदाराला मारून उठाव केला, मोठी फौज आली, उठाव मोडला. साधारण पुस्तकं इथे थांबतात आणि ‘प्रदेश ताब्यात आला’ असं लिहून मोकळी होतात. तुम्ही एक प्रश्न विचारा: जमिनीचं सरकारी वाटप कधी लागू झालं? जपानात इतरत्र ते केव्हाच झालं होतं. सात्सुमा-ओसुमीत ते लागू झालं 800 मध्ये. म्हणजे उठाव मोडल्यावरही 80 वर्षं दरबाराला तिथे वाटपाचा दोर टाकता आला नाही. शिरासुची जमीन आणि हायातो लोक, दोन्ही त्यामागे होते.

मग 11 व्या शतकात शिमाझू नावाची एक जहागीर उभी राहिली, राजधानीतल्या बड्या फुजिवारा घराण्याच्या आसऱ्याला लावलेली. 1197 चं जमीनपत्रक उपलब्ध आहे. त्यावरून ही जहागीर तीन देशांत मिळून 8,000 चोच्या (‘चो’ हे जमिनीचं जपानी माप) वर भरते, जपानातली सर्वांत मोठी. 1185 मध्ये कामाकुराचा सेनापती मिनामोतो योरितोमो यानं तादाहिसा नावाच्या माणसाला तिचा कारभारी नेमलं. त्यानं जहागिरीचंच नाव आडनाव म्हणून घेतलं. हे शिमाझू घराणं पुढे 1871 पर्यंत, म्हणजे जवळजवळ 700 वर्षं, तिथून हललं नाही. तोकुगावा सेनापती घराण्याला जपानची सत्ता देणाऱ्या सेकिगाहाराच्या लढाईत 1600 साली ते हरलेल्या बाजूला होते, तरी मुलूख त्यांच्याकडेच राहिला.

तोकुगावांच्या काळात प्रत्येक संस्थानाची पत ‘कोकू’मध्ये मोजत. एक कोकू म्हणजे सुमारे 180 लिटर, साधारण 150 किलो तांदूळ, एका माणसाचं वर्षाचं पोट. सात्सुमाचा, म्हणजे शिमाझूंच्या संस्थानाचा, आकडा सुमारे 7 लाख 70 हजार कोकू. कागा संस्थानाखालोखाल हा देशात दुसरा. मी सायलीला मोठ्या तोंडानं सांगितलं, “तुझा प्रांत फार श्रीमंत होता बरं का.” ती म्हणाली, “पण काका, तिथे भात होत नाही असं तुम्हीच म्हणालात ना?”

बरोबर पकडलं पोरीनं. पुन्हा शोधलं. सात्सुमाचा कोकू मोजलेला होता भातात, तांदळात नाही! टरफलासकटचं माप. तांदळाच्या हिशेबानं तो आकडा जवळजवळ निम्म्यावर येतो. आमच्या जुन्या कागदांतही कारकून ‘भात’ की ‘तांदूळ’ हे एका शब्दात लिहितो आणि तो शब्द सुटला तर सगळा हिशेब फसतो. ही गोष्ट मला माहीत असायला हवी होती. मोठा आकडा दिसला की आधी माप विचारा, मगच खतावणीत चढवा.

निम्म्या उत्पन्नावर खर्च काय होता? तर सामुराई. देशात इतरत्र लोकसंख्येच्या पाच-सहा टक्के सामुराई असत, सात्सुमात सुमारे चौथा हिस्सा. एवढी शिबंदी किल्ल्याभोवती पोसणं शक्य नव्हतं. म्हणून ती गावोगाव शंभराहून जास्त ठाण्यांत बसवली. ते सामुराई स्वतः शेती करत. कर्ज तर वाढतच गेलं. 1830 च्या आसपास ते 50 लाख र्‍योवर (‘र्‍यो’ हे तेव्हाचं सोन्याचं नाणं) पोचलं. तेव्हा झुशो हिरोसातो नावाच्या कारभाऱ्यानं सावकारांना सांगितलं की 250 वर्षांच्या हप्त्यांनी, बिनव्याजी फेडू. म्हणजे कर्ज बुडालंच. आणि दुसरीकडे आमामी बेटांवरच्या उसाची काळी साखर संस्थानानं मक्त्यात घेतली. बेटकऱ्यांना ऊस लावण्याची सक्ती, साखर परस्पर विकली तर कठोर शिक्षा. तिथली माणसं त्या काळाला ‘काळ्या साखरेचा नरक’ म्हणतात.

हे लिहिताना माझा हात जड झाला. कारण याच पैशांतून पुढे शिमाझू नारिआकिरानं 1850 च्या दशकात शुसेइकान हा कारखाना उभारला, तोफा ओतायच्या भट्ट्या, काच, जहाजबांधणी. 2015 पासून ही जागा जागतिक वारसा यादीत आहे, सायली तिथे नक्की जाईल. खतावणीत मी दोन्ही नोंदी समोरासमोर लिहिल्या आहेत, डावीकडे साखर, उजवीकडे भट्टी. तुम्हीही अशा नोंदी वेगळ्या पानांवर जाऊ देऊ नका.

हद्दीचं खातं

याला वही आडवी धरा आणि पानावर नकाशा काढा. प्रत्येक बदलाला वेगळ्या रंगाची पेन्सिल.

1869 मध्ये संस्थानिकांनी सम्राटाला ‘जमीन आणि माणसांच्या नोंदवह्या’ परत केल्या. हुकमाचं नावच तसं आहे. राज्य देणं म्हणजे दप्तर देणं, हे मला फार पटलं. 1871 मध्ये संस्थानंच रद्द झाली. आधी 302 केन झाले, वर्ष संपेतो त्यांचे 72 केले. आपल्याकडे बडोदा 1 मे 1949 ला मुंबई राज्यात विलीन झालं, त्या दिवसाच्या गोष्टी मी वडिलांकडून ऐकल्या आहेत. कागोशिमात जुने कर्ते शिमाझू हिसामित्सू यांनी बातमी ऐकल्यावर रात्रभर आतषबाजी उडवली, आनंदानं नव्हे, संतापानं.

मग हद्द सुरू होते हलायला. आधी ओसुमी वेगळ्या मियाकोनोजो केनमध्ये गेलं, 1873 मध्ये परत आलं. 1876 मध्ये शेजारचा मियाझाकी केन कागोशिमात घातला, 1883 मध्ये पुन्हा वेगळा काढला. र्‍युक्यूवर सात्सुमानं 1609 मध्ये स्वारी करून जरब बसवली होती, 1879 मध्ये ते ओकिनावा नावाचा वेगळा केन झालं. पण आमामी बेटं, जी मुळात र्‍युक्यूचीच, ती कागोशिमाकडेच राहिली.

त्या बेटांचं पुढे काय झालं ते सावकाश वाचा. दुसऱ्या महायुद्धानंतर 1946 मध्ये ती जपानपासून तोडून अमेरिकी लष्करी अंमलाखाली ठेवली. लोकांनी सह्या केल्या, उपास केले. 25 डिसेंबर 1953 ला ती परत मिळाली. ओकिनावा मात्र 1972 पर्यंत अमेरिकेकडेच. म्हणजे 18 वर्षांहून जास्त काळ योरोन बेट आणि ओकिनावाचं टोक यांच्यामधून देशाची सरहद्द गेली होती. 28 एप्रिलला दोन्ही किनाऱ्यांवर लोक जाळ पेटवत, समुद्रापलीकडून एकमेकांना दिसावा म्हणून. नकाशावरची ही रेघ मी लाल पेन्सिलीनं काढली आहे.

हद्दीचा एक बदल माणसानं केलेला नाही. 12 जानेवारी 1914 ला साकुराजिमा फुटला. तेव्हा ते बेट होतं. लाव्हानं मधली सामुद्रधुनी भरली आणि ते ओसुमीला कायमचं जोडलं गेलं. कुरोकामी गावात देवळाचं तोरण राखेत गाडलं गेलं, तीन मीटर उंचीच्या तोरणाचा फक्त वरचा भाग दिसतो, तो तसाच ठेवला आहे. शिवाय एका शाळेत दगडी स्मारक आहे. स्फोटाआधी लोक वेधशाळेला विचारत होते आणि ‘धोका नाही’ असं उत्तर येत होतं, तेव्हा रहिवाशांनी लक्षणं दिसताच विसंबून न राहता निघावं, असं त्यावर कोरलेलं आहे. दोन वर्षांपूर्वी विश्वामित्रीचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं त्या रात्री आम्ही सगळे फोनकडे बघत बसलो होतो. तो दगड मी सायलीच्या वहीत चौकट करून लिहिला.

जुनं नाव हद्दीबरोबर मरत नाही हेही याच खात्यात लिहा. ओसुमी हा देश आज कारभारात नाही. पण 11 फेब्रुवारी 1970 ला याच प्रांतातल्या उचिनोउराहून जपानचा पहिला उपग्रह सुटला, त्याचं नाव ‘ओसुमी’.

माणसांचं खातं

आता माणसं लिहा. बघा किती सोपी जातात.

साइगो ताकामोरी हे नाव कागोशिमात पावलोपावली दिसेल. सात्सुमाच्या खालच्या थरातला सामुराई, तोकुगावांना हटवून सम्राटाकडे सत्ता देणाऱ्या 1868 च्या क्रांतीचा सेनानी, त्याआधी आमामी ओशिमा, तोकुनोशिमा, ओकिनोएराबु या बेटांवर पाठवलेला. म्हणजे साखरेचा जाच त्यानं डोळ्यांनी पाहिला. मग नव्या सरकारनं 1876 मध्ये तलवारी बाळगायला बंदी केली आणि सामुराईंचे तनखे रोख्यांत बदलून बंद केले. जिथे पाच टक्के सामुराई तिथे कुरकुर झाली. जिथे चौथा हिस्सा, तिथे फेब्रुवारी 1877 मध्ये सुमारे 13 हजार माणसं साइगोच्या मागे निघाली. कुमामोतोचा किल्ला त्यांना घेता आला नाही, ताबारुझाकाच्या चढावर लढाई 17 दिवस चालली, आणि 24 सप्टेंबरला कागोशिमाच्या शिरोयामा टेकडीवर साइगो पडला. ज्या सरकारशी तो लढला त्यातला सर्वांत प्रबळ माणूस ओकुबो तोशिमिची त्याच्याच गावचा, लहानपणचा सोबती. महसुलाचं खातं आधी भरलं असेल तर हे सगळं एका परिच्छेदात कळतं.

आपल्याशी जोडलेला एक धागा हवा असेल तर आंजिरो पाहा. कागोशिमाचा हा माणूस खून करून पोर्तुगीज जहाजावरून पळाला, मलाक्कात फ्रान्सिस झेवियरला भेटला आणि 1548 मध्ये गोव्यात त्याचा बाप्तिस्मा झाला. त्याच्याच सोबतीनं झेवियर 15 ऑगस्ट 1549 ला कागोशिमाच्या बंदरात उतरला. जुन्या गोव्यात ज्याच्या शवाचं दर्शन आपण घेतो तोच झेवियर.

1945 चं पान थोडक्यात पण नीट लिहा. चिरानच्या विमानतळावरून निघालेले कोवळे वैमानिक परत न येण्यासाठीच पाठवले होते. तिथल्या संग्रहालयात त्यांची आईला लिहिलेली पत्रं आहेत. 17 जूनच्या रात्री कागोशिमा शहरावर बॉम्ब पडले आणि दोन हजारांहून अधिक माणसं गेली. मी सायलीला सांगितलं, तिथे गेलीस तर फोटो काढू नकोस, पत्रं वाच.

दुसऱ्याच्या दप्तरात शोधा

बडोद्याचे कितीतरी कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात आहेत. तसंच तिथेही. 1754-55 मध्ये तोकुगावांनी सात्सुमाला हुकूम केला, दूर मध्य जपानातल्या किसो नदीचे बांध तुम्ही बांधा, खर्च तुमचा. 80 हून जास्त माणसं त्यात मेली, कामाचा प्रमुख हिराता युकिए यानं शेवटी जीव दिला. ही गोष्ट सर्वांत जास्त जपली आहे गिफू प्रांतानं, कारण पूर त्यांचा थांबला. ब्रिटिश आरमारानं ऑगस्ट 1863 मध्ये कागोशिमावर तोफा डागल्या, त्याचे कागद लंडनमध्ये. आदल्या वर्षी एका इंग्रज व्यापाऱ्याला सात्सुमाच्या माणसांनी मारलं होतं, त्याची भरपाई 25 हजार पौंड ठरली. ती सात्सुमानं तोकुगावांकडून उसनी घेऊन भरली आणि परत केली नाही. दोनच वर्षांनी त्यांनी 19 माणसं गुपचूप शिकायला आणि पाहायला इंग्लंडलाच पाठवली.

शिमाझू घराण्याचे स्वतःचे सुमारे 15 हजार कागद तोक्यो विद्यापीठाकडे आहेत, राष्ट्रीय ठेवा म्हणून. जुनी जपानी लपेटी अक्षरं आजच्या जपानी माणसालाही वाचता येत नाहीत, जशी आपल्याला मोडी. ‘मिवो’ नावाचं एक फुकट ॲप त्या अक्षरांचं छापील रूप दाखवतं. सायलीनं माझ्या फोनवर ते घालून दिलं. एक ओळ मला लागली त्या दिवशी मी जेवायचं विसरलो.

पुस्तकांसाठी आपली मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी आहे, 1910 ची. तिथे बसून जपानचा एक साधा सर्वसाधारण इतिहास आधी वाचून घ्या, आठ दिवस पुरतात. प्रांतात गेल्यावर तिथलं संग्रहालय पाहा. कागोशिमात ते ‘रेइमेइकान’, शिमाझूंच्या त्सुरुमारु किल्ल्याच्या जागेवर.

सायली जाऊन आता तीन महिने झाले. फुकुओकाहून ती शिंकानसेननं, म्हणजे तिथल्या बुलेट ट्रेननं, कागोशिमा-चुओ स्टेशनवर उतरली, 2011 मध्ये पूर्ण झालेल्या मार्गानं. रविवारी ती फिरते आणि संध्याकाळी फोन करते. गेल्या रविवारी तिनं फोटो पाठवला, किल्ल्याशेजारी साइगोच्या शाळेची दगडी भिंत, तिच्यावर बारीक-मोठे असंख्य खळगे.

“काका, 1877 च्या गोळ्या. माझं बोट आत जातं.”

“खळगे एकाच बाजूच्या दगडांना आहेत की कोपऱ्यावर दोन्हीकडे?” मी विचारलं.

“बघितलं नाही.”

“पुढच्या रविवारी बघ. कुठल्या दिशेनं मारा झाला ते कळेल. तोवर कीर्दीतच राहू दे.”

ती म्हणाली, पुढच्या रविवारी राख पडणार आहे असं सांगतायत, छत्री घेऊन जाईन.